सुरुंगाविरुद्ध तिसरी तक्रार

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, वहिनी, बोल. … नाही गं, ऐकू येतंय. फोन टेबलावर ठेवलाय, स्पीकरवर. हात भरलेत माझे. … प्लास्टरनं. कवळीचा साचा ओततेय. … लॅबमध्येच. शुक्रवारी भर दुपारी मी अजून कुठे असणार?

बोल पटकन. प्लास्टर कालवून ठेवलंय, चार मिनिटांत त्याचा दगड होतो. आणि ज्या आजोबांचे दात आहेत ते तीन आठवडे पेज पिऊन आहेत.

कोण? … कुठला सुरुंग? … अच्छा, लीगमधला. … हो, लीग मीच चालवते, म्हणून काय झालं? … अगं वहिनी, बारा जण आहेत त्या लीगमध्ये आणि बाराही जण दिवसभर एकमेकांची अक्कल काढतात. ऑनलाइन फुटबॉल तो. सोफ्यावर बसून अंगठे हलवायचे. पाय चालवायचे नसतात म्हणून मग तोंड चालतं.

काय लिहिलंय? वाच. … 'पोलादी भिंत कसली, ही तर कुडाची भिंत.' … बरं. मग? … अगं, दादानं स्वतःचं नाव पोलादी भिंत ठेवलंय आणि काल चार गोल खाल्ले. कुणीही म्हणेल. मीच म्हणणार होते.

नाही, दादाची बाजू घेत नाही असं नाही. … हो, माझा सख्खा भाऊ आहे, ठाऊक आहे मला. … तो काय लिहितो ते वाचलंस का? जरा वर जा. … वर म्हणजे आधीचे मेसेज बघ गं, गच्चीवर नको जाऊस. … हां. वाच मोठ्यानं. … 'सुरुंग भिजलाय, कुणीतरी उन्हात वाळत घाला.' … बघ. उडदामाजी काळे गोरे. हा कमी नाही, तो कमी नाही.

एक मिनिट. दादाचा फोन तुझ्या हातात कसा? … झोपलाय. … हो, पहाटेची पाळी होती, माहीत आहे. … टिंग टिंग वाजत होता म्हणून उघडलास. … नाही, काही म्हणत नाही मी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, फोन उघडायचा आकडा माहीत असणारच.

अगं ऐक ना. … ऐकतेस का? … मला नाही त्याला काढता येत. मनात आलं म्हणून काढलं असं नसतं ते. तक्रारी लागतात. तीन. … हो, खेळाडूच्या नावापुढे लाल झेंडा असतो, तो दाबला की तक्रार जाते, पण तू …

काय?

दाबलास? … वहिनी, नीट सांग. तू दाबलास? … दादाच्या फोनवरून. म्हणजे दादाच्या नावानं. … कधी? … किती वाजता गं, 'मघाशी' म्हणजे? … पंधरा मिनिटं झाली. … तीन वाजता. अरे देवा.

नाही, ओरडत नाहीये. … नाही गं, प्लास्टरवर नाही चिडले, तुझ्यावरच चिडलेय. … अगं, ती तिसरी आहे. सुरुंगाविरुद्ध या मोसमातली तिसरी. पहिली बेकरीवाल्यानं केली. 'तुझी टीम कालच्या पावासारखी कडक' असं काहीतरी सुरुंग त्याला म्हणाला म्हणून. आणि एक वकीलबाईंनी. त्यांना तो 'तारीख पे तारीख' म्हणतो, कारण त्या सामना सारखा पुढे ढकलतात. … हो, विनोद बरा आहे, मलाही हसू आलं होतं. पण तीन झाल्या की खेळाडू बाद. अ‍ॅप आपोआप काढतं. तासाभरानं. कायमचं.

कुणी केला म्हणजे? मीच केला हा नियम. तेव्हा माझी अक्कल शेण खायला गेली होती. … नाही, मला नाही थांबवता येत. ज्याच्या खात्यातून तक्रार गेली त्यानंच मागे घ्यायची. म्हणजे दादानं. म्हणजे आत्ता तू.

मागे घे. … कशाला म्हणजे? लीग बिघडेल. बाराचे अकरा झाले की दर गुरुवारी एक जण नुसता बसून राहणार, आणि तो मलाच फोन करणार. … बरं, हे कारण नको. मी सांगते म्हणून घे.

आता आणखी काय? … मघाचाच अजून एक मेसेज? … काय लिहिलंय? … परत वाच. … 'लहानपणी वीज कडाडली की पलंगाखाली शिरायचास, आता गोलच्या जाळीमागे शिरतोस.'

हं.

काही नाही. हं म्हटलं. … अगं लागला असेल अंदाज. लहानपणी सगळीच पोरं घाबरतात विजेला. … पलंगाखाली नाही लपत? मग कुठे लपतात? … पुढे काय आहे? … 'पत्र्याच्या ट्रंकेला कवटाळून'. … असंच लिहिलंय? ट्रंक?

वहिनी, ऐक. … हो. … हो, दादा ट्रंकेला कवटाळून बसायचा. … नाही, बेकरीवाल्याला कसं माहीत असेल? … वकीलबाईंनाही नाही. … तुला लग्नानंतर सांगितलं, फक्त तुला, हे बरोबर आहे. … नाही, मी नाही सांगितलं कुणाला. … मग आमच्या घरात तेव्हा अजून कोण होतं, तूच सांग.

हो.

बारक्या.

हॅलो? … वहिनी, आहेस ना? … बोल काहीतरी. शिव्या दे, पण बोल.

दहा महिने झाले. बाबा गेल्यानंतर चार महिन्यांनी आला तो लीगमध्ये. मला म्हणाला, ताई, मला घे, पण नाव सांगू नकोस. लीगमध्ये नावं नसतातच, टोपणनावं असतात. घेतलं मी. … हो, लपवलं. तुझ्यापासून लपवलं, दादापासूनही लपवलं असं मला वाटत होतं.

वाटत होतं म्हणते, कारण दादाला माहीत आहे. … पहिल्या सामन्यापासून. … अगं, त्यानं सांगितलं नाही, मला दिसलं. बारक्याला पेनल्टी मिळाली. बारक्या जन्मभर डावीकडेच मारतो. पॅसेजमध्ये मोज्यांचा बोळा करून खेळायचे ना, तेव्हापासून डावीकडे. आणि दादानं आधीच डावीकडे उडी घेतली. अडवला. आणि खाली लिहिलं, 'अजून डावीकडेच?' … एवढंच. दोन शब्द.

बारक्यानं काय लिहिलं? लिहिलं की, 'तुझ्या गुडघ्यांना पुढच्या वेळी उजवीकडेही जायला शिकव.' तेव्हापासून सुरू आहे हे. दर गुरुवारी. आणि गुरुवारचं पोट भरत नाही म्हणून शुक्रवारी, शनिवारी. दोघंही असं दाखवतात की समोर कोण आहे ते ठाऊक नाही. आणि मीपण मूग गिळून गप्प.

नाही वहिनी, थट्टा नाही केली तुझी. … अगं तुला कसं सांगणार होते? घरात बारक्याचं नाव काढायचं नाही असं तूच ठरवलंस. … हो, कारण आहे. … हो. … मी होते ना तिथे. दवाखान्याच्या जिन्यात. तुझ्या हातात बाबांच्या कपड्यांची पिशवी होती, मला तीसुद्धा आठवते.

आठवतं काय बोलला ते. … नको, तू परत नको म्हणूस. … बरं, म्हण. … हो. 'तू मारलंस बाबांना.' दादाला, सगळ्यांसमोर.

तुझा राग खोटा नाही गं. मी कधी म्हटलं तसं? ऑपरेशनच्या कागदावर दादानं सही केली, कारण डॉक्टर थांबायला तयार नव्हते आणि बारक्या परगावाहून येत गाडीत होता, चार तास लांब. दुसरं कुणीही तेच केलं असतं. मी केली असती. आणि बाबा उठले नाहीत. … बारक्या चुकला. शंभर वेळा चुकला. मी त्याला तोंडावर सांगितलंय.

पण एक सांगते, ऐक. मध्ये बोलू नकोस. … नाही, मध्ये बोलू नकोस. … त्या जिन्यात दादा एक अक्षर बोलला नाही. बरोबर? नंतरही नाही. तुझ्याशी बोलला त्यावर? … माझ्याशीही नाही. आता तुझ्या हातातला त्याचा फोन बघ. सुरुंगानं काही लिहिलं की किती वेळात उत्तर जातं? … बघ ना वेळ. … एक मिनिट. … तेही एक मिनिट. … एकही सोडलेलं नाही गं त्यानं. चौदा महिन्यांत दोघांत जे काही बोलणं झालं ते एवढंच आहे. कुडाची भिंत आणि भिजलेला सुरुंग.

गुरुवारी तो हसतो, हे मला कुणी सांगितलं होतं? … तूच ना? भाजी चिरताना म्हणालीस, गुरुवारी रात्री आतून एकटाच हसल्याचा आवाज येतो, बरं वाटतं. … मग? तो कुणामुळे हसत होता?

नाही, माफ कर असं म्हणत नाही मी. करूही नकोस. जन्मभर बारक्याला ताट वाढू नकोस, मी काही म्हणणार नाही. फक्त ती तक्रार मागे घे. … वहिनी. … अगं त्याला दादाच्या नावानं तक्रार दिसली असेल. म्हणजे दादानंच मला काढून टाकलं असं वाटेल त्याला.

घेतेस? … बरं. लाल झेंडा दिसतोय ना? त्यावर बोट ठेवून धर. … धर म्हणजे उचलू नकोस. … खाली 'मागे घ्या' येईल. … येत नाही? … काय येतंय? … नीट वाच. 'हा खेळाडू आता लीगमध्ये नाही.'

कसं शक्य आहे? तास कुठे झालाय अजून? … थांब, मी बघते. हात पुसू दे. … मरू दे ते प्लास्टर, दगड झालंय केव्हाच. … थांब हं.

हो. … अ‍ॅपनं नाही काढलं. तोच गेला. 'सुरुंग यांनी लीग सोडली.' तीन वाजून आठ मिनिटांनी. … म्हणजे तक्रार बघितली आणि उठून गेला. बेकरीवाल्याची बघून हसला होता, वकीलबाईंना तर फुलांचं चित्र पाठवलं होतं. दादाची बघून गेला.

नाही, परत नाही घालता येत. त्यानंच यावं लागतं. … येईल का म्हणून मला काय विचारतेस? आमच्या घराण्यात कुणी परत आलंय का कधी?

आता रडून काय होणार? … बरं बरं, तुला नव्हतं माहीत. … तुझं चुकलं नाही. माझंच चुकलं, आधी सांगायला हवं होतं. … अगं, मीही कंटाळलेय. दोन भाऊ मला, आणि एकाकडून निघाले की दुसऱ्याकडे पोचेपर्यंत कुठून आले ते विसरायचं. बारक्यानं दिलेले आंबट पेरू तुझ्याकडे मी 'बाजारातून आणले' म्हणून देते. … हो, ते त्याच्या दारातले होते. … तू कौतुक केलंस त्यांचं. तसले पेरू मी शोधत फिरलेय बाजारात, तू परत मागितलेस तेव्हा.

काय झालं? … उठला? … कुठे आहे? … दारात उभा आहे. … तुझ्याच हातात आहे ना त्याचा फोन? दे त्याला. … काही सांगू नकोस, आधी दे. … दिलास? … काय करतोय? … वाचतोय. … बरं.

हळू बोल. … अजून वाचतोय? … काय विचारलं? … 'तक्रार कुणी केली?' … मग सांग. … सांग ना खरं, आता काय लपवायचं. … सांगितलंस? … मग?

कसला आवाज झाला? … कुणाला पळपुट्या म्हणाला? तुला? … फोनला. … 'लीग सोडून पळतोस होय रे पळपुट्या.' … मोठ्यानं? … दादा ओरडला? … अगं, तो ओरडत नाही कधी.

आता काय करतोय? … स्कूटरची किल्ली. … अंगात काय आहे? … ती झोपायची चट्ट्यापट्ट्याची पँट? त्याच पँटवर? … अडवू नकोस. … वहिनी, अजिबात अडवू नकोस. … कुठे जातोस हे विचारूही नकोस. कुठे जाणार तो? पुलापलीकडे. … गेला? … आणि कंट्रोलर कशाला नेला? … खेळायचा कंट्रोलर? हातात घेऊन गेला? … मला काय माहीत कशाला. मारायलाही नेला असेल, खेळायलाही नेला असेल.

नाही, मारणार नाही. … अगं नाही. … मलाही भीती वाटतेय, पण म्हणून काय करायचं? मी इथून निघाले तरी अर्धा तास. तू कशी जाणार, स्कूटर तोच घेऊन गेला. … पाच मिनिटं. पूल ओलांडला की झालं. … नाही, त्याला फोन करू नकोस, गाडी चालवतोय. … बारक्यालाही नको. दादा पोचायच्या आधीच कुलूप लावून निघून जाईल तो, त्याची जातकुळी मला माहीत आहे.

बस जरा. पाणी पी. … पी गं. मी आहे फोनवर. … हो, माझं काम पडलंय, पडू दे. … नाही, मुलांना काही सांगू नकोस. … क्लासहून किती वाजता येतात? … मग आहे वेळ.

काय? … तूही बोलली होतीस त्याला जिन्यात? … काय? … 'पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नकोस.' … हे मला नव्हतं माहीत. … बरं. … तेव्हा सगळेच बोलले गं. फक्त दादा बोलला नाही.

थांब. मध्ये फोन येतोय. … बारक्याचा. … ठेवू नकोस, धरून ठेव. मी घेते त्याचा. ठेवू नकोस हं.

हॅलो, बारक्या? … हो, बोल. … माहीत आहे कोण आलंय. … हो, मला माहीत आहे. … कुठे, दारात? … आणि तू कुठे आहेस? … दार उघडलंयस ना? … अर्धं. बरं. … काय म्हणतोय? … पळपुट्या. अजून? … शेजारचे बाहेर आले, येऊ देत. … अरे, तक्रार त्यानं नाही केली. … कुणी केली ते नंतर सांगेन. त्यानं नाही केली. शप्पथ. त्याला झोपेतून उठल्यावर कळलं. … म्हणून तर त्या पँटमध्ये आलाय.

तू काय बोललास त्याला? … काहीच नाही? … अरे, एरवी दिवसाला चाळीस मेसेज टाकतोस आणि माणूस समोर उभा राहिला तर मला फोन करतोस? … मी काय करू इथून?

काय म्हणाला आता? … नाही आलं ऐकू, तू सांग. … 'त्या दिवशी जिन्यात बोललास ते परत बोल.' … पुढे? … 'तेवढं एक उत्तर द्यायचं राहिलंय.' … असं म्हणाला? … ओरडून? … शांतपणे.

मला नको विचारूस. … बारक्या, मला नको विचारूस काय बोलू ते. त्याच्याकडे बघ आणि बोल. … हो, आहे मी. ऐकतेय.

हॅलो? … बारक्या?

वहिनी? … आहेस? … हो, दोघंही धड आहेत. … नाही, हात नाही उचलला कुणी. सांगते, थांब, मला श्वास घेऊ दे.

दादा म्हणाला, त्या दिवशी बोललास ते परत बोल, आज उत्तर देतो. … हो, स्वतःहून. … मला वाटलं फोन कट झाला. … मग बारक्या म्हणाला, 'मला आठवत नाही काय बोललो ते.'

हो गं. खोटंच. … धडधडीत खोटं. चौदा महिन्यांत दुसरं काही आठवलं नसेल त्याला. … दादालाही कळलं असणारच. त्याला काय कळत नाही त्याचं?

दादा? दादा म्हणाला, 'बरं. मग सरक, आत येऊ दे.'

नाही, पुढचं नाही ऐकलं मी. बारक्यानं फोन ठेवला. … हो. … हो, वहिनी. … आपणही ठेवू या आता. … ठेव.